झाडलेला माळ

साहेब पाहणीला येणार म्हणून तानूबाईच्या नवऱ्याने मेंढरं सकाळीच ओढ्यापलीकडे नेली. तिने माळावरच्या लेंड्या झाडून पाटीत भरल्या. पाहुण्याच्या पायाखाली घाण कशाला?

साहेबांनी जीपमधून उतरून माळभर नजर फिरवली. "इथे सोलर प्लेटा बसवायच्यात. चराई चालू असेल तर जागा घ्यायची नाही, असा सरकारी नियम आहे. पण मला एकही मेंढरू दिसत नाही."

"दीडशे हायती, साहेब. तुमच्यासाठीच पल्याड नेली," नवरा म्हणाला.

"मी डोळ्यांना दिसेल तेच लिहितो." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

नवऱ्याने जीव तोडून शीळ घातली. ओढ्याकडून कळप काही येईना. पेन कागदावर टेकलं.

तानूबाईने पाटी उचलली आणि साहेबांच्या बुटांपुढे पालथी केली.

"ह्या दिसत्यात न्हवं? मग ह्या लिवा."