उपरण्याची गाठ

माजी सैनिकांच्या निदान न झालेल्या आजारावरचं संशोधन तपासणाऱ्या सरकारी समितीच्या अध्यक्षांनी फोटो समोर बसलेल्या नवरा-बायकोपुढे सरकवला. हवालदार केरबा त्यात देवळात, टाळकऱ्यांच्या रांगेत ताठ उभा होता.

“दारूगोळा जाळायच्या कामावरून आल्यापासून पाय धरत नाहीत म्हणता, आणि कीर्तनात तासभर उभे? संशोधकांनी निरोगी लिहिलं, त्यात चुकलं काय?”

“ह्ये उपरण्यानं स्वतःला दोन्हीकडच्या गड्यांच्या कमरेला बांधून घेत्यात, साहेब,” बायको आक्काताई उसळली. “टाळकऱ्यानं कीर्तनात बसायचं नसतं ना!”

अध्यक्ष विरघळले. “फेरतपासणी लावतो. तपासनीस कीर्तनालाच येतील. त्या दिवशी उपरणं नको.”

“देवापुढं आजाराचं सोंग करू?” केरबा पुटपुटला.

“सोंग उभं राहायचं होतं, धनी. आजार खराच हाय.”

एकादशीला बुवांनी गजर धरला. दोघे तपासनीस पुढ्यातच बसले होते. केरबानं सवयीनं बांधलेली गाठ आपल्याच हातानं सोडली. क्षणभर टाळ गोड वाजले, मग तो कोसळला आणि ते फरशीवर खणखणले. बुवांचा सूर तुटला.

एक तपासनीस दुसऱ्याच्या कानाला लागला, “सोंग मात्र झकास वठवलं म्हाताऱ्यानं.”