आक्कांची बाजू

साहेब, आमची गोधडी तुम्ही कापलीत. प्रदर्शनात टांगायला म्हणून नेलीत आणि बरोबर मधोमध कात्री चालवलीत.

मध्ये पितळी पत्र्याचं अंडं होतं, ज्यातून सगळी सृष्टी निघाली ते. दोन्ही अंगांना जुन्या लुगड्यांचे मासे, तागाची झाडं, कवड्यांच्या चांदण्या. मी आणि माझी थोरली जाऊ, आक्का, समोरासमोर बसून दोन कडांकडून शिवत आत आलो. त्या टाका घालायच्या, की मी तस्साच माझ्या बाजूला. "दिसतं दोन गं, पण आहे एकच," म्हणायच्या. अंडं शिवून झालं आणि आक्का गेल्या.

उद्घाटनाला पोहोचले, तर भिंतीवर फक्त माझी बाजू. सत्काराची शाल आणायला तुम्ही विसरलात, म्हणून आक्कांची बाजू कापून नारळासोबत पाहुण्यांच्या अंगावर घातलीत. पाहुणे ती घेऊन निघूनही गेले.

"दोन्ही बाजू सारख्याच आहेत की, वहिनी," तुम्ही म्हणालात. "आणि अंडं फुटल्याशिवाय सृष्टी होते का?" सगळे हसले. मला चहा दिलात. मी तो प्यायलेही, दुसरं काय करावं सुचेना.

पाहुण्यांच्या बंगल्यावर गेले. तिथली कामवाली म्हणाली, "असल्या शाली रोज येतात हो. दिली असेल कुणाला तरी."

सारख्या नव्हत्या, साहेब. तिकडचा एकेक टाका आक्कांच्या हातचा आहे आणि त्यांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. सांगा, माझ्या आक्का आता कुणाच्या घरात आहेत?