आठ दिवसांच्या बोलीवर

सात वर्षांच्या लेकीने जिन्याखालचं मांजराचं काळंकुळकुळीत पिल्लू उचलून घरात आणलं आणि आई दोन पावलं मागे सरकली. नखं, केस, जंत!

"आठ दिवस बघू. त्रास दिला, तर जिथलं तिथे सोडून यायचं," तिने बजावलं.

पिल्लाची कुरकुर नाही की घाण नाही. "लेकीसारखंच गुणी निघालं हो!" आईने शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आठव्या दिवशी हात धुताना लेकीची बाही वर सरकली. कोपरापर्यंत ओरखडे होते.

"अगं, मला सांगायचं नाही?"

"तू त्याला सोडून आली असतीस ना." लेक घाईघाईने बाही खाली ओढत म्हणाली, "मी समजावलंय त्याला, आई. तू मला अनाथाश्रमातून आणल्यापासून मी तरी कधी रडलेय का?"