कानामागचा डाग

फ्रँकफर्टच्या विमानतळावर कस्टम्सच्या डॉक्टरीणबाईंनी चिवड्याचा कान उलटून पाहिला आणि शिक्का बाजूला ठेवला. "हा काळा डाग कागदपत्रांत नाही. त्वचेचा रोग असेल, तर कुत्रा सोडता येणार नाही."

शलाकाने तपासणीचा दाखला पुन्हा पुढे केला. परवाच तर पुण्याच्या डॉक्टरांनी चिवड्याला नखशिखांत तपासलं होतं!

बाईंनी ओला कापूस फिरवला. कापूस काळा झाला आणि खालची कातडी स्वच्छ निघाली. "हे काय?"

शलाकाने वास घेतला. आईने घरी धरलेलं तुपाचं काजळ!

"तीट आहे. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे लावतात," ती म्हणाली, "लेकरांना."

बाई हसल्या. शिक्का बसला.

पण आईने? सहा वर्षांत तिने चिवड्याला कधी बोट लावलं नव्हतं. लेक परदेशी निघाली म्हणून महिनाभर अबोला धरला होता. निघताना मात्र पिंजऱ्याची कडी तपासायला वाकली होती. मग शलाकाच्या कानाशी हात नेत, "केसांत काहीतरी अडकलंय," एवढंच पुटपुटली होती.

शलाकाने हळूच स्वतःच्या कानामागे बोट फिरवलं.

बोट काळं झालं.