ऋचाचा डोंगर

तळेगावच्या ऑफिसात दोघांकडे एकच काम होतं. बेडशाकडच्या एका वस्तीमागचा डोंगर धो धो पावसात टिकेल का, हे कॉम्प्युटरवर डोंगराचं मॉडेल बनवून तपासायचं. पण श्रीयशच्या डोंगरात पाणी मुरलं रे मुरलं, की मातीचे कण कढईतल्या लाह्यांसारखे चौफेर उडायचे. शेजारच्या टेबलावर ऋचाचा डोंगर मात्र ढिम्म!

"जरा तिच्याकडे बघून शीक," सुनेत्रामॅडम येता-जाता म्हणायच्या, आणि श्रीयशच्या पोटात दुखायचं.

ऋचा चहाला गेली तशी त्यानं तिच्या मॉडेलमधले सगळे आकडे गुपचूप आपल्या मॉडेलमध्ये उतरवले. कण निमूट जागेवर बसले.

"मॅडम, माझाही डोंगर टिकला!" तो छाती फुगवून म्हणाला. मॅडमनी लगेच 'वस्तीला धोका नाही' असं टाइप करायला घेतलं.

तेवढ्यात ऋचा धावत आली. "थांबा मॅडम! चहा पिताना लक्षात आलं, माझ्या मॉडेलमध्ये पावसाचा आकडा शून्यच राहिलाय. डोंगरावर थेंबसुद्धा पडला नाहीये!"

मॅडमची बोटं थांबली. त्यांनी खुर्ची वळवली.

 

"आणि श्रीयश, तुझा पाऊस कुठं गेला?"