सीताबर्डीवर मोहरी

सीताबर्डीच्या टेकडीच्या मातीचा नेमका रंग पाहायला नरहरराव आठवडाभर नागपूरला राहिले आणि मातीची पुडी घेऊन रायपूरला परतले. खिडकीजवळच्या टेबलावर शिशाचे शिपाई मांडून त्यांनी भोसले-इंग्रजांची लढाई उभी केली होती. उद्या प्रदर्शन होतं. पण टेबलावरची उजाड टेकडी हिरवीगार झाली होती. मरून पडलेले शिपाई कोवळ्या रोपांखाली दिसेनासे झाले होते. "हे काय करून ठेवलं तुनं?" "दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतो तशी मोहरी पेरली," बायको म्हणाली. "बिचारे पोट्टे उन्हात पडून राहिले होते." "अगं, हा इथं पडलेला तर इंग्रज!" "मग त्याले तर ऊन आणखीच लागत असन." नरहररावांनी चिमटा उचलला. तोफेपुढची रोपं उपटली, घोड्यांच्या वाटेतली उपटली. इंग्रजाजवळ चिमटा थांबला. मातीची पुडी खिशातच राहिली. "उद्यापर्यंत हे सुकायले नको," ते म्हणाले. "झारी कुठं ठेवली तुनं?"