परिषद यंदा घरूनच

"म्हणजे यंदा तू धारवाडला जाणार नाहीस?" सुधीरने विचारलं.

"नाही. ऑनलाइन केलीय परिषद," सरोज म्हणाली. "हॉल नको, प्रवास नको. परदेशातले लोकही जोडले जातील म्हणे."

माळ्यावरून काढलेली बॅग ती परत वर ठेवत होती. सुधीरने ती तिच्या हातून घेतली आणि आत सरकवली.

खारफुटीच्या अभ्यासकांची ही परिषद दर जानेवारीत तीन दिवस भरायची, दर वर्षी वेगळ्या गावात. सरोज कल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. एकोणीस वर्षांत तिने ही परिषद एकदाही चुकवली नव्हती. ती गेली की ठाण्याहून सुधीरची बहीण मंजुळा डोंबिवलीला राहायला यायची. यंदा तिला बोलवायचं कारणच उरलं नव्हतं.

"बरं झालं," आतल्या खोलीतून अण्णा म्हणाले. "घरातच राहशील."

अण्णा म्हणजे सुधीरचे वडील. वय एक्क्याण्णव, गुडघे गेलेले, कान मात्र तिखट.

सरोजचा चेहरा जरा उतरलाय असं सुधीरला वाटलं. बँकेतून निवृत्त होऊन त्याला सहा महिने झाले होते आणि हाताला काम नव्हतं. ही परिषद घरातून व्यवस्थित पार पाडायची, असं त्याने मनावर घेतलं.

त्याने बेडरूममध्ये खिडकीपाशी टेबल लावलं. दाराची बेल काढून ठेवली. धुणंभांडी करणाऱ्या बाईंना सांगितलं, तीन दिवस त्या खोलीचा केर नको.

"अहो, एवढं कशाला?" सरोज म्हणाली.

"कशाला म्हणजे? तू बोलत असताना मागून अण्णांची हाक ऐकू आली तर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "मी हेडफोन लावीन. फक्त मध्ये दार वाजवू नका."

गुरुवारी सकाळी साडेनऊला ती खोलीत गेली. अंगात साधा, मऊ झालेला कुर्ता होता.

"साडी नाही नेसलीस?"

"पडद्यावर गळ्यापर्यंतच दिसतं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दहा मिनिटांत अण्णांची हाक आली. "सरोज, पेपरचं मधलं पान कुठंय?"

सुधीर गेला. पान दिलं. मग चष्मा सापडेना. मग पाठीमागची उशी सरकली. मग गॅसवाल्याचा फोन आला, पाण्याची मोटर बंद करायची राहिली, आणि अण्णांना चहात साखर कमी लागली. प्रत्येक वेळी हाक एकच होती. सुधीर ती मोजायला लागला आणि चोविसावर त्याने नाद सोडला.

बारा वाजता फोडणी करताना तो स्वतःच ओरडला, "सरोज, हिंग कुठे ठेवलाय गं?"

आणि जीभ चावून उभा राहिला. आतून काही आवाज आला नाही.

एक वाजता ती जेवायला बाहेर आली. वरण खाली लागलेलं होतं. तिने ते मुकाट्याने खाल्लं आणि परत मागून घेतलं.

"कसं चाललंय?" त्याने विचारलं.

"छान. सकाळचं सत्र फार शांत झालं."

"डोळे लाल दिसतायत."

"होतात जरा," ती म्हणाली आणि ताट उचलायला लागली. त्याने उचलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. मोकळं, लांबलेलं हसणं. असं हसताना सुधीरने तिला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"झाडांच्या परिषदेत एवढं हसण्यासारखं काय असतं रे?" अण्णांनी विचारलं.

"विद्वान माणसं, अण्णा. करत असतील एकमेकांची चेष्टा."

त्या संध्याकाळी तो अण्णांच्या पलंगावर बसला. "अण्णा, तिला हाक नका मारू. मी आहे ना. मला मारा."

"तुला काही सापडत नाही."

"शोधीन मी."

अण्णा पुटपुटले. पण शनिवारी सकाळी पहिली हाक आली ती "सुधीर" अशी. त्याला उगाचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत त्याने कुकर लावला, अण्णांची नखं कापली, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. कंबर भरून आली होती, पण मन तृप्त होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या कामाला त्याचा हातभार लागला होता.

तीन वाजता त्याचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता.

"सर, मी जागृती बोलतेय, खारफुटी परिषदेच्या आयोजन समितीतून. मॅडमचा फोन बंद लागतोय. फॉर्मवर घरचा म्हणून तुमचा नंबर होता."

"हो, बोला ना."

"मॅडम बऱ्या आहेत ना? त्यांनी गेल्या महिन्यात शोधनिबंध मागे घेतला, तेव्हाच आम्हाला काळजी वाटलेली. निदान ऐकायला तरी येतील असं वाटलेलं. पण तीन दिवसांत त्या एकदाही जोडल्या गेल्या नाहीत. आता समारोपाला सगळेच विचारतायत."

सुधीरने बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. मग फोन घेऊन तो हळूच स्वयंपाकघरात गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"अगदी बऱ्या आहेत. पण आत्ता त्यांना बोलावता यायचं नाही. आमच्याकडची परिषद सोमवार सकाळपर्यंत वाढवलीय."